एक बाटली काळी, एक कोरी

अलिबागपासून खाली आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या अष्टागरातल्या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाडी तिथे विहीर आहे. नळ आले तरी विहिरी बुजलेल्या नाहीत. वैशाखात नळाचे पाणी कमी झाले, की पोहरा पुन्हा विहिरीत जातो. या विहिरी उथळ. जमीन वाळूची, म्हणजे पाणी पटकन मुरणारी. आणि संडासाचा शोषखड्डा बऱ्याचदा त्याच वाडीत. पहिला मोठा पाऊस पडला, की वरचे सगळे खाली उतरते. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर हे शब्द मृगाच्या पाठोपाठ ऐकू येऊ लागतात ते त्यामुळे.

या पाण्यावर नजर ठेवण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. तो टीसीएल पावडर टाकतो, ओ.टी.चे थेंब घालून क्लोरीनचा पिवळा रंग आला का ते पाहतो, आणि विष्ठेतून आलेले जंतू पाण्यात आहेत का हे कळावे म्हणून एक छोटी बाटली भरून ठेवतो. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले, त्यात दर गावी पाच महिलांना ही तपासणी शिकवण्याची तरतूद आहे. या बाटलीला सगळे ‘एच टू एस’ची बाटली म्हणतात. पाणी भरायचे, झाकण लावायचे, एक-दोन दिवस ठेवायचे. काळी झाली तर पाणी दूषित, न झाली तर ठीक. मधले काही नाही.

मी संख्याशास्त्र शिकवणारा माणूस. प्रशिक्षणाच्या वर्गात अधूनमधून मला बोलावतात, आणि तिथे एक प्रश्न हटकून येतो. एकाच विहिरीचे पाणी, एकाच कळशीतून दोन बाटल्यांत भरले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर एक काळी, एक कोरी. खरी कोणती? एका गावात यावरून चांगलेच वाजले होते. विहीर एक, आळ्या दोन. एका आळीने काळी बाटली हातात धरली आणि विहीर बंद करा म्हणाली. दुसरीला पाण्यासाठी लांब जावे लागले असते, तिने कोरी बाटली पुढे केली. मग दोघींनी मिळून राग काढला तो जलसुरक्षकावर. तुझाच हात घाण असेल, म्हणाले. तो मुलगा वर्गात मला विचारत होता, “सर, माझं चुकलं तरी काय?”

बहुधा काहीच नाही. पण हे नुसते त्याच्या समाधानासाठी म्हणून चालणार नाही, हिशोबाने दाखवायला हवे.

आधी बाटलीविषयी थोडे. ही चाचणी आपल्याच देशातली. मंजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी ती १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली. बाटलीतल्या कागदाच्या पट्टीत जंतूंचे खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. लोहाशी त्याचा संयोग झाला, की काळे आयर्न सल्फाइड बनते. आपल्या खाडीकाठच्या चिखलाला जो काळा रंग असतो, तो मुख्यतः याच पदार्थाचा. गंमत अशी, की दूषित पाण्याची खूण म्हणून जगभर मोजला जातो तो ई. कोलाय हा जंतू स्वतः सहसा हा वायू सोडत नाही. बाटली काळी करतात ते त्याचे सोबती. वीज नको, प्रयोगशाळा नको, चाचणी स्वस्त आणि सोपी, म्हणून ती गावोगाव पोचली.

आता मूळ मुद्दा. कोणत्याही मोजणीकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. एक, उत्तर खरे असावे. दुसरी, तीच वस्तू पुन्हा मोजली तर तेच उत्तर यावे. या दुसऱ्या गुणाला मी एकवाक्यता म्हणतो. मासळीबाजारात सुरमई पाच वेळा तागडीत घातली आणि १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले, तर तागडीची एकवाक्यता किती ते आकड्यात सांगता येते. सरासरी काढा, तिच्यापासूनचे विचलन काढा, झाले. मोजमापाच्या पद्धतींसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९४ मध्ये जे नियम प्रसिद्ध केले, ते मुख्यतः अशा आकडे देणाऱ्या मोजणीसाठी होते.

बाटली मात्र आकडा देत नाही, होय किंवा नाही एवढेच सांगते. काळी आणि कोरी यांची सरासरी काय, राखाडी? तसे नाही. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एकाच पाण्याच्या दोन बाटल्यांचे उत्तर सारखे येण्याची शक्यता किती?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती योग्यच असते, कारण आधण सगळ्या तांदळाला सारखे लागते. पण पातेलेभर शिऱ्यात चार बेदाणे असतील, तर एका चमच्यावरून बेदाण्यांची परीक्षा होत नाही. एकाच्या चमच्यात बेदाणा येतो, दुसऱ्याच्या येत नाही, आणि दोघेही खरेच सांगत असतात. विहिरीतले जंतू भाताच्या शितासारखे नसून शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे आहेत.

आपली बाटली २० मिलिलिटर पाण्याची धरू. पाण्यात १०० मिलिलिटरमागे सरासरी एक जंतू आहे आणि बाटली इतकी उत्तम आहे, की एक जंतू आत गेला तरी ती काळी होतेच, असेही धरू. तरीसुद्धा २० मिलिलिटरमध्ये तो जंतू येईलच असे नाही. हिशोब केला तर बाटली काळी होण्याची शक्यता १८ टक्के निघते, कोरी राहण्याची ८२ टक्के. दोन बाटल्या भरल्या तर दोन्ही कोऱ्या राहण्याची शक्यता ६७ टक्के, आणि एक काळी एक कोरी असा निकाल येण्याची ३० टक्के. जंतू वाढून १०० मिलिलिटरमागे साडेतीन झाले, की काळी-कोरी अगदी निम्मे-निम्मे: दोन बाटल्यांचे एकमत म्हणजे नाणेफेक. दहा जंतू झाले, की ८६ टक्के बाटल्या काळ्या होतात आणि दोन बाटल्यांचे एकमत ७७ टक्क्यांवर येते. पंचवीस झाले, की जवळजवळ सगळ्या काळ्या आणि एकमत ९९ टक्क्यांच्या घरात.

इथे जरा थांबून हे आकडे पाहा. पाणी अगदी शुद्ध असेल तर सगळ्या बाटल्या कोऱ्या, एकमत पूर्ण. पाणी गटारासारखे असेल तर सगळ्या काळ्या, तेव्हाही एकमत पूर्ण. मधल्या पट्ट्यात मात्र भांडण, आणि तेही निर्दोष बाटली, धुतलेले हात आणि काळजीपूर्वक भरलेले पाणी असताना. म्हणून “आमच्या चाचणीची एकवाक्यता ९८ टक्के आहे” असे कोणी सांगितले, तर मी आधी विचारतो, कोणत्या पाण्यावर? उकळलेले पाणी आणि नाल्याचे पाणी घेऊन कोणतीही चाचणी ९८ टक्के मिळवील. या दोन टोकांच्या बाटल्या दर खेपेला ठेवाव्यात, माल खराब आहे का ते कळते. पण चाचणीचा कस लागतो तो मधल्या पट्ट्यात.

मग मधल्या पट्ट्यातले भांडण जंतूंच्या वाटणीमुळे आहे की तपासणाऱ्यांमुळे, हे कसे ओळखायचे? माझ्या मते सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग आहे. एकाच पाण्याच्या वीस बाटल्या करा आणि दहा-दहा दोन प्रयोगशाळांना द्या. समजा, पहिलीत पाच काळ्या निघाल्या, दुसरीतही पाच. आता एकाच प्रयोगशाळेतल्या दोन-दोन बाटल्यांच्या जोड्या लावा. दहा बाटल्यांच्या ४५ जोड्या होतात, त्यांपैकी २० जोड्यांत उत्तर सारखे, म्हणजे ४४ टक्के. ही घरातली एकवाक्यता. नंतर एक बाटली या प्रयोगशाळेची, एक त्या प्रयोगशाळेची अशा १०० जोड्या लावा, ५० सारख्या. ही दोन घरांमधली एकवाक्यता. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत. म्हणजे घरातल्या घरात जेवढे मतभेद, तेवढेच बाहेर. प्रयोगशाळांचा दोष नाही, पाणीच सीमेवरचे आहे.

दुसरा प्रसंग. पहिलीत दहापैकी नऊ काळ्या, दुसरीत एकच. एकूण काळ्या मघाइतक्याच, वीसपैकी दहा. पण आता घरातली एकवाक्यता दोन्हीकडे ८० टक्के, आणि दोन घरांमधली फक्त १८. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्याशी ठाम आहे आणि दुसरीशी तिचे मुळीच जुळत नाही. इथे पाण्याकडे बोट दाखवता येणार नाही. एकीने बाटल्या उबदार पेटीत ठेवल्या असतील, दुसरीने खिडकीत. एकीने २४ तासांनी पाहिल्या असतील, दुसरीने ४८ तासांनी. किंवा किंचित राखाडी झालेली बाटली एकीने काळ्यात धरली असेल, दुसरीने कोऱ्यात. नुसती एकूण बेरीज पाहिली असती तर दोन्ही प्रसंग सारखेच दिसले असते.

घरातली आणि घरांमधली अशी ही विभागणी लॅंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अन्नातल्या जंतूंच्या चाचण्यांसाठी मांडली. त्यांचे शब्द अकॉर्डन्स आणि कॉन्कॉर्डन्स. अन्नासाठी मांडली याला कारण आहे. साल्मोनेलासारख्या जंतूबाबत नियम असतो तो ‘२५ ग्रॅममध्ये नसावा’ असा, निव्वळ होय-नाहीचा. आपल्या जिल्ह्यात तळोज्याला मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर काही काळ बंदी घातली होती, ते त्या धंद्यातले जुने लोक विसरलेले नाहीत. कोळंबीचा माल इथे ‘नाही’ ठरला आणि तिकडच्या बंदरात ‘होय’ निघाला, तर कोण खोटे बोलले हा प्रश्न करोडोंचा होतो. आणि पुष्कळदा कोणीच खोटे बोललेले नसते. इकडच्या २५ ग्रॅममध्ये जंतू नव्हता, तिकडच्या २५ ग्रॅममध्ये होता.

एकमताचा आकडा आणखी एका प्रकारे फसवतो. दोन तपासनीसांनी त्याच १०० बाटल्या पाहिल्या. ९० दोघांनीही कोऱ्या म्हटल्या, दोन दोघांनीही काळ्या. उरलेल्या आठांत मतभेद, चार याच्या मते काळ्या, चार त्याच्या मते. एकमत ९२ टक्के. ऐकायला छान वाटते. पण दोघेही शंभरात सहाच बाटल्या काळ्या म्हणतात; त्यांनी डोळे मिटून अशा सहा-सहा बाटल्या उचलल्या असत्या, तरी योगायोगानेच ८९ टक्के एकमत झाले असते. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा योगायोगाचा भाग वजा करून उरलेले एकमत मोजण्याची रीत दिली, तिला कापा म्हणतात. इथे कापा येतो ०.२९. पूर्ण एकमत म्हणजे १, आणि निव्वळ योगायोग म्हणजे शून्य. सरळ मराठीत सांगायचे, तर निदान एकाने तरी काळी म्हटलेल्या दहा बाटल्यांपैकी दोनच दोघांना काळ्या वाटल्या. ज्या बाटल्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याबाबतच दोघांचे पटत नाही, आणि अहवालात ९२ टक्के छापून येते!

सरकत्या गोष्टीवर होय-नाहीची रेघ ओढली, की असे होतेच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आयुष्यभर वेगळ्या क्षेत्रात हेच सांगत होते: एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक हलते, म्हणून सरासरीखाली जेवणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवू नका. त्यांच्या निष्कर्षांवर वाद पुष्कळ झाले. पण रेघ ओढण्याआधी हलणे किती ते मोजा, हा त्यांचा आग्रह कोणाला खोडता आला नाही.

होय-नाहीच्या चाचणीचे हलणे मोजण्याची आजची रीत अशी. जंतूंचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत न्यायचे आणि प्रत्येक पायरीला किती बाटल्या काळ्या होतात ते मांडायचे. एक वर चढणारी वक्ररेषा मिळते. निम्म्या बाटल्या काळ्या होतात ते प्रमाण नोंदवायचे. आपल्या आदर्श बाटलीत ते १०० मिलिलिटरमागे साडेतीन होते. एका प्रयोगशाळेत ते साडेतीन आले आणि दुसरीत सात, तर दुसरीची नजर निम्मी अधू आहे असे आकड्यात सांगता येते. म्हणजे फिरून आपण तागडीच्या भाषेत आलो: प्रयोगशाळेगणिक हा आकडा किती हलतो, ती पद्धतीची एकवाक्यता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने यासाठी स्वतंत्र तांत्रिक दस्तऐवज काढला तो २०२३ मध्ये, आकड्यांच्या नियमांनंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

आता ती विहीर. पिण्याच्या पाण्याचे आपले भारतीय मानक, आय.एस. १०५००, म्हणते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. आपल्या हिशोबातले, १०० मिलिलिटरमागे सरासरी एक जंतू असलेले पाणीही या कसोटीला उतरणार नाही, आणि तरी त्याच्या दोन बाटल्या तीनपैकी दोन वेळा कोऱ्याच राहतील. म्हणून एक काळी, एक कोरी ही बरोबरी नव्हे. बाटल्यांचे मतदान नसते. कोरी बाटली एवढेच सांगते, की या २० मिलिलिटरमध्ये काही सापडले नाही. काळी सांगते, की सापडले. त्या गावातल्या दोन बाटल्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतच नव्हत्या. पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय पिऊ नये, हे काळ्या बाटलीने सांगितले. घाण अजून फार नसावी, एवढा इशारा कोऱ्या बाटलीने दिला. विहीर बंद करायची गरज नव्हती, टीसीएल पावडर मोजून टाकायची होती आणि ओ.टी.चा रंग पाहायचा होता. क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे.

काळी बाटली नेहमीच खरी असते असेही नाही. खाडीलगतच्या, खाजणाजवळच्या विहिरीत सल्फाइड मुळातच असू शकते, आणि गंधकावर जगणारे निरुपद्रवी जंतूही असतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी सोबसी आणि फेंडर यांनी २००२ मध्ये या चाचणीचा आढावा घेतला, त्यात ही अडचण नोंदवली आहे. पाणी भरल्या भरल्या बाटली काळवंडू लागली तर जंतूंचा संशय घेऊ नये. जंतूंना वाढायला वेळ लागतो, रसायनाला लागत नाही. अशा विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवणे बरे. आणि कावीळ पसरवणारे विषाणू या बाटलीला दिसतच नाहीत. तिथे शोषखड्डा किती अंतरावर आहे, जोत्याला भेगा आहेत का, असली पाहणीच उपयोगी. ज्या पाहणीवरून गावाला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते, तिला बाटलीइतकाच मान द्यावा.

जिथे शंका आहे तिथे दोनऐवजी पाच बाटल्या भराव्यात. मिळून १०० मिलिलिटर होतात. साडेतीन जंतूंच्या पाण्यात पाचही कोऱ्या राहण्याची शक्यता तीनच टक्के. एका जंतूच्या पाण्यात मात्र अजूनही ३७ टक्के, तेव्हा पाच कोऱ्या म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र समजू नये. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा भराव्यात. पाचांत किती काळ्या झाल्या त्यावरून जंतूंच्या प्रमाणाचा अंदाजही बांधता येतो. मॅक्रेडी यांनी १९१५ मध्ये ही युक्ती मांडली, आणि मोठ्या प्रयोगशाळांतली एम.पी.एन. पद्धत तिच्यावरच उभी आहे.

एवढे करून नोंदवहीत लिहिताना मात्र फक्त ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शब्द पडतो आणि बाकीचे सगळे हरवते. ‘पाचपैकी दोन काळ्या, ४८ तासांनी पाहिल्या, मोठ्या पावसानंतरचा दुसरा दिवस’ एवढे शेजारी लिहिले, तर पुढच्या वेळी तपासणाऱ्याला आणि वाद घालणाऱ्यालाही धरायला काही राहते. छापील वहीत त्याला रकाना नसेल तर पट्टी घेऊन पेन्सिलीने आखता येतो.